तीन नंबरच्या पॅनेलमधली दुसरी खोडी

यंत्र माझ्याइतकं चांगलं बिघडवणारा माणूस तुम्हाला दुसरा मिळणार नाही. ही फुशारकी आहे, पण खोटी नाही. एकोणीस वर्षं मी तंत्रशाळेत बिघाड शोधायला शिकवतोय, आणि शोधायला आधी बिघाड लागतो, म्हणून तो मीच करून ठेवतो. विद्यार्थी माझ्यामागे मला खोडीमास्तर म्हणतात. मला हे माहीत नाही असं त्यांना वाटतं, आणि मी तसंच वाटू देतो.

आमच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून सहा पॅनेल आहेत. प्रत्येक पॅनेल म्हणजे एक लोखंडी पेटी. आत मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर, मोटारीवर जास्त भार आला तर ती आपोआप बंद करणारा रिले, आणि पेटीखाली मोटार आणि पंप. पंप खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवतो, वरून ते पुन्हा खाली येतं. दिवसभर हे चाललं तरी कुणाची तहान भागत नाही, पण शिकायला बरं पडतं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत या सहाही पॅनेलचं वायरिंग मी नव्यानं केलं, एकट्यानं. सगळ्या तारा अशा सरळ की कुणी फूटपट्टी लावून बघावं.

त्यात मी खोड्या करून ठेवतो. बाहेरचं आवरण शाबूत ठेवून आतलं तांबं तोडायचं, ही जुनी. बायकोची बिनरंगी नेलपॉलिश स्टार्टरच्या एका बारक्या संपर्कावर लावायची, ही माझी सगळ्यात लाडकी. डोळ्यांना काही दिसत नाही, पण वीज पलीकडे जात नाही. मग बटण दाबून धरलं तर मोटार चालते आणि बोट उचललं की थांबते. बाटली दर वर्षी परीक्षेच्या आठवड्यातच कुठे गायब होते, हे बायको अजून विचारते.

शिकवतो ते मात्र साधं आहे. अंदाज बांधायचा नाही, अर्धं करायचं. वीज आत येते तिथपासून मोटारीपर्यंत एक रस्ता आहे. त्याच्या बरोबर मध्ये मीटर लावा. तिथवर सगळं ठीक असेल तर मागचा अर्धा भाग सोडून द्या, नसेल तर पुढचा सोडा. उरलेल्याचं पुन्हा अर्धं करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. भाग बदलून बघू, जमलं तर जमलं, असं म्हणणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढतो. या बाबतीत माझा पारा लवकर चढतो.

आता ताईविषयी. माझी मोठी बहीण, वय एक्कावन्न. ती मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा दुकानात तेवीस वर्षं काम करतेय. जळालेली मोटार उघडायची, आतलं काळं पडलेलं तांबं काढायचं, नवीन गुंडाळायचं, पुन्हा बंद करायची. सगळं येतं तिला, कागद तेवढा नाही. दुकानाचे म्हातारे मालक आता थकलेत. दुकान तुलाच देतो, असं ते स्वतःच म्हणाले. पण परवाना प्रमाणपत्र असणाऱ्याच्याच नावावर होतो. ती परीक्षा पास झाली तर महिनाअखेरीला किल्ल्या तिच्या हातात. नाही झाली, तर मालकांचा पुतण्या तिथे मोबाइलची कव्हरं विकायला तयार बसलेला. परीक्षा वर्षातून एकदाच असते, आणि पुतण्या वर्षभर थांबणारा नव्हता.

म्हणून ताईनं आमच्याच शाळेत संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. माझ्या नाही, दुसऱ्या सरांच्या. "तू घरी शिकवतोस तेवढं पुरे आहे," म्हणाली.

परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येतात. मी त्यांना आधीच लेखी कळवलं की एक उमेदवार माझी सख्खी बहीण आहे. खोड्या नेहमीप्रमाणे मीच केल्या, सहा पॅनेलच्या सहा. प्रत्येकीचं वर्णन वेगवेगळ्या पाकिटात बंद करून त्यांच्या हवाली केलं. कुणाला कोणतं पॅनेल, ते त्यांनी सकाळी चिठ्ठ्या काढून ठरवलं. ताईला तीन नंबर आला. नेलपॉलिशचं पॅनेल.

तरी कुजबुज व्हायची ती झालीच. "भाऊच खोडी करणारा, मग काय," असं कुणीतरी दाराशी म्हणालं आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालं. माझ्या डोक्यात सणक गेली. ताईनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, म्हणजे गप्प राहा. लहानपणापासून त्या मानेपुढे माझं काही चालत नाही.

परीक्षेला एक तास असतो. तासाभरात दोष शोधायचा, काढायचा आणि कागदावरच्या छापील वाक्याखाली सही करायची. वाक्य असं: दोष शोधून दूर केला आहे, यंत्र चालवण्यास योग्य आहे. सही झाली की घड्याळ थांबतं.

ताईनं काय करावं? पहिली पाच मिनिटं तिनं पेटीला हातही लावला नाही. तीन वेळा बटण दाबलं आणि काय होतं ते पाहिलं. बोट उचललं की मोटार थांबते, तिन्ही वेळा. मग वीज तोडली, कुलूप घातलं, मीटरनं खात्री केली आणि मधल्या जागेपासून सुरुवात केली. एक अर्धं गेलं, उरलेल्यातलं अर्धं गेलं. तेराव्या मिनिटाला ती त्या बारक्या संपर्कापाशी होती. नखानं खरवडून तिनं पॉलिशचा पातळ पापुद्रा काढला आणि बोटावर घेऊन उजेडात धरला. चौदाव्या मिनिटाला मोटार सुरू झाली आणि बोट उचलल्यावरही चालत राहिली.

माझ्या नेलपॉलिशला आजवर कुणी बावीस मिनिटांच्या आत पकडलं नव्हतं. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि चेहरा मात्र दगडासारखा ठेवायचा होता.

आता तिनं सही करायची आणि चहाला जायचं, बस. पण ताईनं पेन उचललंच नाही. तिनं स्टूल ओढलं आणि चालत्या मोटारीसमोर बसली. मांडीवर हात, डोळे मोटारीवर. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, झालं का तुमचं?"

"बघते अजून थोडं."

काय बघतेय? मला कळेना. मी स्वतः खोडी केली होती, एकच केली होती, आणि ती निघाली होती. साडेचार मिनिटं झाली आणि खट् आवाज करून मोटार थांबली. रिले पडला होता, म्हणजे त्यानं वीज तोडली होती. ताईनं घड्याळात बघून वेळ लिहून ठेवली. रिले निवेपर्यंत थांबली, पुन्हा मोटार सुरू केली, पुन्हा स्टुलावर बसली. पुन्हा साधारण तेवढ्याच वेळात खट्.

खरं सांगायचं तर हे पॅनेल वर्षभरात दोनदा वर्गातही असंच बंद पडलं होतं. दोन्ही वेळा मी "व्होल्टेज कमी असेल" म्हणून बटण दाबून मोकळा झालो होतो. अंदाज बांधायचा नाही म्हणणारा मी. आणि बाकी वेळी कुणी मोटार साडेचार मिनिटं चालवतंच कुठे? खोडी सापडली, मोटार फिरली, टाळ्या, चला पुढे.

शेजारच्या पॅनेलवरच्या उमेदवाराची सही झाली होती. तो जाता जाता पुटपुटला, "काकू, रिलेची डायल थोडी वाढवा ना. नाही पडणार मग."

"पडणार नाही. मोटार जळेल," ताई म्हणाली आणि किती भाराला रिले पडायचा ते ठरवणाऱ्या त्या डायलला हात न लावता चिमट्याचा मीटर हातात घेतला.

तिसऱ्यांदा मोटार सुरू करून तिनं तिन्ही तारांमधला प्रवाह मोजला. तिन्हींत सारखा, आणि मोटारीच्या पाटीवर लिहिलाय त्याच्या आत. म्हणजे मोटार जास्त ओढत नव्हती. पंप अडकत नव्हता. खालचा अख्खा अर्धा भाग निर्दोष, आणि तरी रिले पडतोय. खट्. आता दोष वरच्या अर्ध्यात, रिलेत किंवा त्याच्या आसपास. हे तिनं कागदावर लिहिलं आणि परीक्षकांनी टेबलावर टिचकी मारली. वेळ संपली होती.

बाकीचे पाचही जण केव्हाच सह्या करून बाहेर चहा पीत होते, आणि आता दारातून आत डोकावत होते. ताईनं कागद नेऊन दिला. परीक्षकांनी वाचला. छापील वाक्यातलं 'योग्य आहे' तिनं खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं: पहिला दोष काढला. दुसरा आहे, रिलेच्या बाजूला आहे, अजून सापडलेला नाही. यंत्र चालवू नये.

"सही नसलेला कागद म्हणजे नापास," परीक्षक म्हणाले. "हा नियम मी केलेला नाही."

"माहीत आहे, सर."

त्यांनी तीन नंबरचं पाकीट फोडलं आणि आतला कागद तिच्यासमोर ठेवला. माणूस वाईट नव्हता. "हे बघा. दोष एकच ठेवला होता. तो तुम्ही चौदाव्या मिनिटाला काढलात. आज सगळ्यात आधी तुम्ही. पेन घ्या, सही करा, मी वेळ चौदा मिनिटं धरतो."

ताईनं पाकिटातला कागद वाचला. मी मनातल्या मनात तिला हात जोडले. कर ना सही. दुकान, किल्ल्या, तेवीस वर्षं, सगळं त्या एका सहीवर आलंय. मोटार कुणाच्या घरची नाही, शाळेची आहे, उद्या मी बघतो तिचं काय ते. अडून बसू नकोस ग.

"सर," ताई म्हणाली, "आमच्या दुकानात मी 'झाली' म्हणून दिलेला पंप दुसऱ्या दिवशी परत आला, तर तो मीच जिना चढून वर न्यायचा आणि मीच पुन्हा उघडायचा. तेव्हा मी काही सही करणार नाही. चालतंय असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही करा."

आवाज चढवला नव्हता. परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं, कागदावर नेलं, आणि तिथेच थांबले. मग उठून तीन नंबरपाशी गेले आणि स्वतः बटण दाबलं. आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे. पाणी वर चढत होतं, खाली पडत होतं. चार मिनिटं फार लांबतात अशा वेळी. मग खट्.

परीक्षक माझ्याकडे वळले. "सर, ही पण तुमचीच खोडी का?"

एक क्षण मोह झाला, सांगतो. हो म्हटलं असतं तर माझं नाव राहिलं असतं. खोडीमास्तरानं या खेपेला दोन ठेवल्या, अशी वर्षभर चर्चा झाली असती. समोर उभ्या असलेल्यांत निम्मे माझेच विद्यार्थी होते. पण ताई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायला मला कधीच जमलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी नाही ठेवली. हे काय आहे, मला माहीत नाही."

एकोणीस वर्षांत त्या खोलीत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो. कानशिलं तापली. पण त्याच वाक्यानं दुसरंही एक काम केलं. ज्याला बिघाडाचा पत्ताच नाही, तो बहिणीला काय सांगणार? सकाळी दाराशी तो टोमणा मारणारा पोरगा चपलांकडे बघू लागला. बघू दे.

परीक्षकांनी पिशवीतून एक नवा कागद काढला. त्यावर तोच छापील मजकूर होता. "नियमात एका दोषाला एक तास दिलाय," ते म्हणाले. "दोष दोन निघाले तर काय, ते कुठे लिहिलेलं नाही. बाई, नवा दोष, नवा तास. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाली आणि हत्यारांच्या थैलीत हात घातला.

तिनं काढला मेणबत्तीचा तुकडा. दारात कुणीतरी हसलं. तिनं वीज तोडली, कुलूप लावलं, मीटरनं तपासलं, आणि मग त्या मेणाचे बारीक बारीक खडे करून रिलेच्या सहाही स्क्रूंवर एकेक चिकटवला. तीन वर, तीन खाली. पेटी बंद केली, मोटार सुरू केली, स्टुलावर बसली. तोवर मला कळलं होतं ती काय करतेय, आणि अंगावर काटा आला. मी तीस हजारांची उपकरणं मागवायला अर्ज करतो, आणि हिच्याकडे मेणबत्ती.

खट्. तिनं वीज तोडली, खात्री केली, पेटी उघडली आणि बाजूला सरकली, म्हणजे आम्हाला दिसावं. पाच खडे जसेच्या तसे होते. खालच्या ओळीतल्या उजव्या स्क्रूवरचं मेण वितळून ओघळलं होतं.

"स्क्रू घट्ट आहे," परीक्षकांनी फिरवून पाहिला. "ढिला नाही."

"घट्टच असणार. कशावर घट्ट आहे, ते बघायचं." ताईनं स्क्रू काढला, तार बाहेर ओढली. तारेचं प्लास्टिकचं आवरण पुरेसं सोललंच नव्हतं. स्क्रूनं प्लास्टिकला करकचून धरलं होतं, आणि तांब्याच्या दोनच बारीक तारा कशाबशा टेकत होत्या, काळ्या पडून. सगळी वीज त्या दोन तारांतून जायची. त्या तापायच्या, रिले तापायचा, आणि मोटारीला काही होत नसताना रिलेला वाटायचं, मोटार जळतेय.

ती तार कुणी बसवली होती, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. सहाही पॅनेलचं वायरिंग कुणी केलंय, हे मीच वर्षभर सगळ्यांना ऐकवत होतो.

ताईनं काळं टोक कापून टाकलं, आवरण नीट सोललं, तार बसवली, आवळली, ओढून पाहिली. मोटार सुरू केली. आम्ही सगळे पाणी बघत उभे राहिलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. कुणी हललं नाही. पंधराव्या मिनिटाला ताई उठली, स्टूल जागेवर ठेवलं आणि दुसऱ्या कागदावर सही केली.

त्या पंधरा मिनिटांत मी जे पाहिलं ते एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी पोरांना काय शिकवलं? मी लपवलेलं शोधायला. ते सापडलं की बघणं थांबवायला. मी लपवलं नाही ते असू शकतं, हे माझ्याच डोक्यात नव्हतं, तर त्यांच्या डोक्यात कुठून येणार? आणि हे सगळं जिला कुणी वर्गात शिकवलं नाही, ती माझी बहीण, स्टुलावर बसून चालत्या मोटारीकडे नुसती बघत होती. लाज वाटत होती म्हणाल तर हो, पण अभिमान त्या लाजेपेक्षा कितीतरी जास्त होता, आणि मी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही.

यंत्र आता खरंच योग्य होतं, म्हणून ताईनं पहिल्या कागदावरही सही केली आणि परीक्षकांनी त्यावर उत्तीर्ण लिहिलं. दोन्ही कागदांवर खाली एक चौकट असते: दोष ठेवणाऱ्याचे नाव व सही. पहिल्यावर मी आधीच केली होती. दुसरा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

महिनाअखेरीला किल्ल्या मिळाल्या. पुतण्यानं कव्हरांसाठी दुसरीकडे जागा बघितली. पण प्रमाणपत्रावर ताईच्या नावापुढे शोधलेला दोष एकच लिहिलाय. तो दुसरा कागद कार्यालयानं 'जादा' असा शेरा मारून शाळेकडे परत पाठवला, कारण त्यांच्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. मी दोन दिवस नुसता धुमसत होतो. मग तो काचेच्या चौकटीत घालून तीन नंबरच्या पॅनेलवर टांगला. नवीन वर्ग आला की पहिल्या दिवशी मी सगळ्यांना तिथे उभं करतो आणि वाचायला लावतो. वर तिचं अक्षर आहे: यंत्र पंधरा मिनिटं चालवून पाहिलं, योग्य आहे. खाली चौकटीत माझं नाव आहे, माझी सही आहे, आणि सहीपुढे मी स्वतः लिहिलेला एक शब्द आहे. नकळत.